आमच्या जिन्यात काही लपत नाही

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आमच्या जिन्यात चपला जमतात तसे ते जमतात. कुठली कुणाची, हे नंतर शोधत बसायचं. लग्न होऊन मी कोल्हापुरात आले त्याला तीन वर्षं होतील. आता मैत्रिणीचा फोन आला की ती "कशी आहेस?" असं विचारत नाही, "बिल्डिंग काय म्हणते?" असं विचारते.

बिल्डिंग म्हणजे तीन मजले, सहा फ्लॅट आणि एक जिना. तळमजल्यावर कांबळे काकू, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. त्यांच्यासमोर पाटील मामा, मूळचे बिद्रीकडचे. पहिल्या मजल्यावर आम्ही, आणि समोर बागवान भाभी. त्यांचं फळांचं दुकान आहे. सगळ्यात वर निपाणीच्या आज्जी, मुला-सुनेबरोबर. त्या रागावल्या की कानडीत बोलतात, त्यामुळं किती रागावल्यात ते कुणालाच कळत नाही. सहावा फ्लॅट कुलूपबंद, मालक पुण्यात. त्यांचा एकही किस्सा नाही, बिचारे.

*

मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. हे आधी सांगायला हवं.

आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सुशांत, म्हणजे माझा नवरा, फर्स्ट शिफ्टला शिरोली एमआयडीसीत गेला होता. मी गॅसवर दूध ठेवत होते. तेवढ्यात दारातून आवाज आला, "पावणं! हाय का कोण घरात?"

पातेलं माझ्या हातातून सुटलं. ओट्यावरून दूध थेट फरशीवर. दारात पाटील मामा उभे, हातात किटली. त्यांच्या गावाकडच्या म्हशीचं दूध आणलं होतं.

ते फरशीकडं बघून म्हणाले, "बरं झालं आणलं ते." मग माझ्याकडं बघून, "घाबरलीस व्हय? मी हळूच बोललो की."

दुसऱ्या दिवसापासून माझी काळजी म्हणून ते खालच्या पायरीवरूनच ओरडायला लागले, "पोरी, मी येतोय गं! दचकू नगंस!"

त्यानं मी दचकायचे.

*

दिवस राहिले तेव्हा मला ते आधी सुशांतला सांगायचं होतं. पण तो शिफ्टवर, आणि मला चक्कर येत होती, म्हणून मी काकूंना सांगितलं. नर्सच त्या. वर बजावलं, "काकू, कुणाला बोलू नका हं."

काकू म्हणाल्या, "मी? तीस वर्षं वॉर्डात काढली. माझ्या पोटातून शब्द बाहेर पडत न्हाय."

तासाभरानं जिन्याच्या मधल्या वळणावर एक स्टूल येऊन बसलं. मामांनी बघितलं. स्टूल कशाला? कुणाला दम लागतोय? आज्जी तर टकाटका चढतात. मामांनी मोठ्यानं हिशेब मांडला आणि तो पार गच्चीपर्यंत ऐकू गेला. पाच वाजता भाभी आवळे घेऊन आल्या. साडेपाचला आज्जी येऊन माझी दृष्ट काढून गेल्या.

सुशांत घरी आला तो चेहरा पाडूनच. "अगं, मामा मला पेढे मागतायत. काय झालंय काय?"

मी रडवेली होऊन काकूंकडं गेले. काकू शांतपणे म्हणाल्या, "मी एक शब्द बोलले न्हाय. फक्त स्टूल ठेवलं."

*

आज्जींचं एक ठरलेलं असतं. घरातलं मूल पहिल्यांदा चाललं की त्याच दिवशी चिरमुऱ्याचे लाडू करायचे आणि सगळ्या बिल्डिंगला वाटायचे. त्यांचा नातू चालला त्या दिवशी आम्ही नेमके गावी गेलो होतो. दोन दिवसांनी आलो तर आज्जी दारात हात हलवत उभ्या.

"तुझा लाडू टाकला मी. वातड झालता. चिरमुऱ्याचा लाडू त्याच दिवशी खायचा. दुसऱ्या दिवशी तो लाडू न्हवं, रबर."

मी म्हटलं, "आज्जी, चाललं असतं की मला."

"मला चाललं नसतं," असं म्हणून त्या पुढं बरंच कानडीत बोलल्या.

*

रेवा आठ महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. वारणानगरच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात मी शिकवते. बसनं जायला तासभर, यायला तासभर. सासूबाई गावी, त्यांच्या गळ्यात अंथरुणाला खिळलेले आजेसासरे. नोकरी सोडायची हे मी मनात जवळजवळ ठरवलंच होतं. तसं सुशांतला बोलले, तर खालून मामांचा आवाज आला, "का म्हणून सोडायची? आम्ही मेलोय व्हय?"

खिडकी उघडी होती.

मग मी टाइमटेबल केलं. एका कागदावर चार रंगांत. दुधाच्या वेळा, झोपेच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, रडली तर काय करायचं, रडली नाही तर काय करायचं. चारही घरांत एकेक प्रत दिली. संध्याकाळी परत आले तेव्हा भाभींकडच्या प्रतीत चिकूच्या बिया गुंडाळलेल्या होत्या, आणि रेवा चिकू खाऊन गाढ झोपली होती.

*

तेव्हापासून रेवा कुणाची, हे सांगणं अवघड झालंय. सकाळी काकूंकडं, तिथं बुद्धवंदना लागली की ती डोळे मिटते. काकूंचं म्हणणं, ती ऐकते. मामांचं म्हणणं, ती झोपते. दुपारी आज्जींकडं. "बा, बा" असं त्यांनी कानडीत बोलावलं की रांगत त्यांच्याकडं जाते, आम्ही "ये" म्हटलं की बघत बसते. मामांना तिला पांढरा रस्सा चाटवायचा असतो. "दात तरी येऊ द्यात," म्हणून काकू त्यांना रोज हाकलतात.

रमजानात मला भाभींचा संकोच वाटायला लागला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि मांडीवर माझी पोर. मी म्हटलं, "भाभी, महिनाभर राहू दे. दुसरीकडं बघते काहीतरी."

त्यांनी रेवाच्या तोंडात केळ्याचा घास घातला, तिची हनुवटी पुसली आणि म्हणाल्या, "रोजा माझा हाय. पोरीचा न्हाय."



*

एकच गोष्ट मला खात होती. रेवा धरून उभी राहायला लागली होती. आज नाही तर उद्या ती पाऊल टाकणार, आणि मी तेव्हा कुठंतरी फळ्यासमोर असणार. बसमध्ये बसलं की तेवढंच डोक्यात यायचं. एका संध्याकाळी काकूंपुढं मी रडलेच. "काकू, बाकी सगळं तुम्हीच बघितलंत. पहिला दात तुम्ही बघितला, पहिली टाळी भाभींनी. पहिलं पाऊल तेवढं मला बघायचंय."

काकूंनी पाण्याचा पेला पुढं केला. दार उघडंच होतं.

मधल्या सुट्टीत मी व्हिडिओ कॉल करायला लागले. फोन मामांकडं. ते तो कानाला लावायचे. आठवडाभर मला मामांचा कान दिसला.

*

मग कॉलेजात परीक्षा लागल्या. चार दिवस यायला उशीर. आणि त्या चार दिवसांत बिल्डिंग गप्प झाली.

मी जिना चढायला लागले की मामा आत जायचे. बोलायचे नाहीत. भाभी रेवाला माझ्या हातात द्यायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. एरवी त्यांचं दार दुपारच्या झोपेतही उघडं असतं. पोर पडली असणार, कुठं लागलं असणार, आणि हे लपवतायत. मी रेवाला उघडं करून डोक्यापासून तळव्यापर्यंत तपासलं. ओरखडासुद्धा नव्हता. तळवे तेवढे काळे झाले होते. मी पळत खाली गेले.

"काकू, काय झालंय? खरं सांगा."

"काय झालं न्हाय. हातपाय धू जा."

पाचव्या दिवशी सुट्टी होती. चहा घ्यायला ये, असा काकूंचा निरोप आला. आत गेले तर सगळे तिथंच. सुशांतसुद्धा, आणि तो माझ्याकडं बघत नव्हता. भाभींनी रेवाला भिंतीशी उभं केलं आणि हात सोडला.

रेवा निघाली. एक पाऊल, दोन, तीन. मध्ये टीपॉय होता. त्याच्या कोपऱ्याला हात न लावता तिनं सफाईनं वळण घेतलं, मामांची काठी ओलांडली आणि येऊन माझ्या गुडघ्यांना मिठी मारली.

"पैलं!" मामा ओरडले. चार दिवसांचा साठलेला आवाज होता तो. "पैलं पाऊल! आईम्होरंच टाकलं बघा!"

मी दचकले नाही. मला दिसतच नव्हतं काही, डोळे भरले होते.

आज्जी उठल्या. माझ्याकडं न बघता त्यांनी पदराआडून स्टीलचा डबा काढला आणि माझ्या हातावर चिरमुऱ्याचा लाडू ठेवला.

मी चावा घेतला. लाडू तुटेना.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी तो अख्खा चावून खाल्ला, आणि आज्जींपुढं परत हात केला.