न उतरणारा रंग

शालनअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात शूटिंगला होते, मेकअपच्या खुर्चीत. फोन त्यांच्या मुलाचा, विजयचा. "ताई, आई गेली गं... सकाळी चहा पिऊन जरा पडली, ती उठलीच न्हाई." मेकअप करणारी मुलगी ब्रश धरून तशीच उभी. तिला म्हटलं, "बाई, आधी मला रडून घेऊ दे, मग लाव काय लावायचं ते." आणि खरोखर पोटभर रडले. महिना होत आला त्याला. अजून गाडी कराडवरून गेली की हात फोनकडं जातो.

पेपर वाचणाऱ्यांनी अक्कांचं नाव ऐकलेलं नसणार, पण त्यांनी रंगवलेले चेहरे तुम्ही रोज संध्याकाळी जेवताना बघितलेत. कराडात त्यांचं पार्लर होतं. आमच्या भागात मालिकांची शूटिंगं वाढली तशा त्या सेटवर जाऊ लागल्या. तिथली रीत अशी, की बाईनं केस बघायचे आणि चेहऱ्याला हात लावायचा तो पुरुषानं. का, ते कुणालाच सांगता यायचं नाही. अक्का म्हणायच्या, "गल्लीतल्या समद्या नवऱ्या मीच नटवल्या की, तवा कुनी न्हाई इचारलं!" एकदा मेकअपदादा तापानं आडवा झाला, अक्कांनी ब्रश उचलला, आणि तो परत म्हणून दिलाच नाही.

मी विट्याची. वडील गलाईवाले, परमुलखात सोनं गाळायचं दुकान. रंगानं मी चांगली काळी. मला सावळी म्हणून गोंजारणाऱ्यांचा लय राग येतो. काळी म्हणा की, काय बिघडतं? वाईजवळ एका मालिकेत शेतकऱ्याच्या मुलीचं मुख्य काम होतं, त्याची मी ऑडिशन दिली. दिग्दर्शक म्हणाले, "काम फार छान करतेस. पण लोकांनी रोज हा चेहरा बघायचा म्हणजे..." पुढचं त्यांनी गिळलं. काम पुण्याच्या एका गोऱ्या मुलीला मिळालं. मग काही दिवसांनी मलाही बोलावणं आलं. कशाला? तर भाकरी थापायला! तिला भाकरी येत नव्हती. चेहरा तिचा दिसणार, जवळून दाखवायचे हात माझे. आणि माझे हात काळे, म्हणून तिथं मेकअपला असलेल्या अक्कांनी रोज सकाळी तिचा चेहरा त्या हातांना जुळेल असा काळा करायचा. घ्या! शेतकऱ्याची पोर काळी हवी हे त्यांना पटत होतं, फक्त खरोखरची काळी नको होती. तरी मी गेले, कारण कॅमेऱ्यापुढं जायला मला दुसरी वाट दिसत नव्हती.

ऐन उन्हाळा, पुढ्यात पेटलेली चूल, डोक्यावर दिवे. मी पिठाचे हात घेऊन बाजूला बसलेली. ती मुलगी बिचारी भली होती, स्वतःचा सरबताचा पेला मला द्यायची. सीन चालू असताना तिनं पदरानं कपाळ पुसलं, आणि कपाळावर हा पांढराफटक पट्टा! पदर चॉकलेटी. दिग्दर्शक अक्कांवर खेकसले, "काय लावलंय हे? रंग टिकत कसा नाही?" अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लावल्याला रंग उतरनारच की सायब. न उतरनारा त्यो बघा, चुलीपाशी बसलाय. त्येला तुमीच न्हाई म्हनलासा." सगळा सेट खो खो हसला. ती मुलगीही हसली, मग तिनं मान खाली घातली. "हसणं पुरे. परत लावा," दिग्दर्शक म्हणाले. अक्कांनी ब्रश धुतला, पुसला, पेटीत ठेवला. "आता न्हाई लावत. एकीला रंगापायी घालवायची आन् त्योच रंग दुसरीला फासायचा, ह्येला माजा हात चालत न्हाई." त्यांना तिथल्या तिथं घरी जायला सांगितलं. मीही पीठ झटकलं आणि त्यांच्यामागं चालू लागले.

एसटीत मी मुळूमुळू रडत होते. "अक्का, माझ्यापायी तुमचं काम गेलं." "आगं गप! कामं लय येत्यात. तुजं तोंड पडद्यावर दिसल्याबिगर मी काय मरत न्हाई." आणि शब्दाला पक्की बाई! जिथं काम मिळेल तिथं आधी माझं नाव पुढं करायच्या. लोक टाळायचे, या परत सांगायच्या. शेवटी सांगलीच्या एका नव्या दिग्दर्शिकेनं मला सिनेमात वकिलाचं काम दिलं. अक्कांनी पेटी उघडली तर माझ्या रंगाची डबीच नाही. बाजारातही नव्हती. "नसंना का, कालवू आपुन," म्हणत त्यांनी तीन-चार रंग तळहातावर कालवले, माझ्या मानेवर लावून बघितले, आणि एक कणही उजळ न करता मला उभी केली. त्या सिनेमात माझ्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, मी नुसती खटला लढवते आणि जिंकते. सांगलीच्या थिएटरात अक्का उभ्या राहून अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही आमची हाय!" मागनं कुणीतरी म्हणालं, "आवं मावशी, बसा की खाली." त्या काही बसल्या नाहीत. आज मला काम मागायला दारोदार जावं लागत नाही, आणि माझ्यामागून आलेल्या काळ्या पोरीही हक्कानं मधोमध उभ्या राहतात. त्यात अक्कांचा वाटा मोठा आहे, आणि तो मी मोठ्यांदा सांगणार.

तेराव्याला कराडला गेले. भिंतीवर हार घातलेला फोटो. बघते तर कोणी भलतीच गोरी बाई माझ्याकडं बघून हसतेय... अक्का तर माझ्याहून काळ्या होत्या! विजयला विचारलं, तर त्यालाही ते खटकलेलं, पण स्टुडिओतून तसाच आला म्हणाला. माझं डोकं फिरलं. फ्रेम उतरवली, विजयला घेतलं आणि स्टुडिओ गाठला. तो माणूस शांतपणे म्हणाला, "गेलेल्या माणसाला आम्ही उजळूनच देतो ताई. सगळ्यांना देतो." म्हटलं, "ह्या बाईला नाही द्यायचं." कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडायला लावला, शेजारी स्टूल ओढून बसले. रंग खाली येत गेला. आणखी, म्हटलं. आणखी... थांब.

नवा फोटो भिंतीवर लावल्यावर विजयनं त्याला हार घातला. मग डोळे पुसत म्हणाला, "आता आली बघ आई घरला."