जिनिंगच्या आवारातलं जेट

काल माळा आवरताना एका जुन्या बाटलीचं झाकण निघालं आणि घासलेटचा वास घरभर पसरला. मी शिडीवरच बसून राहिले.

तो वास आमच्या यांच्या जेटचा. रिमोटवर उडणाऱ्या त्या छोट्या विमानाचं किट यांनी मागवलं, आणि आमचं जेवायचं टेबल चार महिने त्याचंच झालं. मी पंख धरून ठेवायची, हे चिकटवायचे. जेवण ओट्याशी, उभ्या उभ्या.

इंजिन पहिल्यांदा सुरू करायला सपाट जागा हवी होती. म्हणून एका रविवारी पांढुर्ण्यातल्या कापसातली सरकी काढणाऱ्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या सिमेंटच्या आवारात गेलो. मी दोनदा झाडलं. पण जिनिंगमधली रुई झाडूनं कुठे जाते?

पाण्याच्या ग्लासाएवढं ते जेटचं टर्बाइन शिट्टी वाजवत वेग घेत गेलं. "पाह्य, कसं फिरून राहिलं!" हे ओरडले. तेवढ्यात मागच्या झोतानं कोपऱ्यातली रुई उठली आणि वळून थेट इंजिनाच्या तोंडात गेली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

हे हसत माझ्या केसांतली रुई वेचायला लागले. मी त्यांचा हात झटकला. "आता तरी माझं टेबल रिकामं करा!"

"करतो न वं. एकदा उडू तर दे."

ते उडायच्या आधीच हे गेले. जेट यांच्या मित्रानं नेलं. टेबल केव्हाचं रिकामं आहे. मी अजून ओट्याशीच उभी राहून जेवते.