दिराला हवी असलेली धार

वाजवणाऱ्या मंडळींबद्दल वहिनींचं मत मुळातच फारसं बरं नव्हतं, त्यात कंपनीने नवा कीबोर्ड तपासायला बोलावला तो त्यांचाच धाकटा दीर. इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या त्या छोट्या कारखान्यात त्यांना सगळेच वहिनी म्हणत. आवाजाची सर्किटं त्याच आखत. पण साहेबांनी फतवा काढला होता, की कलावंताला विचारल्याशिवाय यापुढे एकही वाद्य बाहेर जाणार नाही.

दिराची उमर स्टेजवर, भल्यामोठ्या स्पीकरांच्या पुढ्यात वाजवण्यात गेलेली. तो यायचा, मफलर सावरायचा, दोन पट्ट्या दाबायचा आणि डोळे मिटून बसायचा. झोपला की काय, असं वहिनींना वाटे.

"वहिनी, आवाज अळणी आहे."

"म्हणजे नेमकं काय कमी आहे, भाऊजी?"

"ते शब्दांत कसं सांगू? धार हवी."

वाद्य मागतोय की सुरी, असं वहिनींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण साहेब शेजारी मान डोलवत होते. त्यांना कळत काहीच नव्हतं, मान मात्र तालात हलत होती. वहिनींनी वाद्याचा आवाज तीक्ष्ण केला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, धार हवी. त्याच्या पुढच्या खेपेलाही. शेवटी जुळणी करणाऱ्या बायका कानात कापूस घालून बसू लागल्या.

"कलावंताचा कान आहे तो," साहेब म्हणाले. "आपल्याला काय कळणार?"

एकदा चाचणी चालू असताना सर्किटमध्ये काहीतरी बिघडलं आणि दात शिवशिवतील अशी बारीक शिट्टी सुरू झाली. साहेबांनी कानांवर हात ठेवले. बायका उठून बाहेर गेल्या. दीर शांतपणे चहा पीत होता.

सारखी धार का हवी असते, ते वहिनींच्या लख्ख ध्यानात आलं. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण इतक्या दिवसांचा वैताग जिभेवर साचला होता.

"भाऊजी, ही शिट्टी तुम्हाला ऐकूच येत नाहीये ना?"

"कुठली शिट्टी?" तो म्हणाला. मग सगळ्यांचे चेहरे बघून त्याने कप खाली ठेवला. "येते की. आम्हाला सवय असते."

आणि तो उठून निघून गेला.

घरी सासूबाईंनी वहिनींशी बोलणं टाकलं. नवरा म्हणाला, "खरं होतं, पण चारचौघांत?"

"भाऊजीही चारचौघांतच अळणी म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. तरी त्यांना जेवण काही गोड लागलं नाही.

बऱ्याच दिवसांनी दीर कारखान्यात उगवला तो कानात यंत्र घालून. त्याने पट्टी दाबली आणि दचकून हात मागे घेतला.

"वहिनी, इतका कर्कश आवाज कोणी केला हो?"

वहिनींनी साहेबांकडे पाहिलं.

"मी तेच म्हणत होतो," साहेब म्हणाले.

मग आवाज मवाळ करण्यात सगळे पुन्हा खपले. त्या दरम्यान दीर सहज बोलून गेला, की बोट टेकल्यावर आवाज जरा उशिरा, मागून येतोय. वहिनींनी नाक मुरडतच मोजून पाहिलं. खरंच मागून येत होता. त्याच्या तोंडून निघालेली ही पहिली कामाची गोष्ट, आणि चूक नेमकी आपल्या हातची, याचा वहिनींना जास्तच राग आला. त्यांनी ती मुकाट्याने दुरुस्त केली.

कीबोर्ड बाजारात गेला, बरा खपलाही. नातेवाइकांत दीर आता सांगत असतो, "वहिनींचा हात चांगला आहे, सुराचा कान तेवढा नाही." वहिनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात. यंत्र चांगलं असल्यामुळे त्याला ते ऐकू जातं, आणि मग दोघंही दुसरा विषय काढतात.