विहिरीवर बाया नव्हत्या

विमानात बसण्याआधी कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी आम्हाला एवढंच सांगितलं, "हम किसी की साइड में नहीं हैं. बीच में खड़े रहना है." श्रीलंकेचं सरकार आणि तिथली बंदूकवाली तमिळ पोरं यांचं भांडण थांबवायला आपला देश मध्ये पडला होता. पोरांनी हत्यारं टाकायची, आम्ही ती गोळा करायची आणि घरी परतायचं. मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून रट्टे बसतात, हे आमच्याकडे भावकीच्या भांडणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ऑर्डर म्हणजे ऑर्डर.

मी तेव्हा नाईक होतो, दहा जणांच्या सेक्शनचा कमांडर. गाव शिरूर अनंतपाळकडचं. लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. सेक्शनमध्ये माझ्या मुलखाचा एकच गडी होता, लान्स नाईक बसवराज. निलंग्याजवळच्या खेड्यातलं लिंगायत घर, घरात बोली कानडी. कानडीच्या जोरावर तो महिनाभरात मोडकंतोडकं तमिळ बोलायला लागला. गावात कोण काय म्हणतंय हे आम्हाला त्याच्याकडूनच कळायचं.

सुरुवातीला लोकांनी आमच्या गळ्यात हार घातले. वस्तीच्या टोकाला एक म्हातारी राहायची. बसवराज तिला 'अज्जी' म्हणायचा. तिने आमच्यासाठी पितळेचा एक पेला वेगळा ठेवला होता. सकाळची पेट्रोल, म्हणजे गस्त, ०६१० ला निघायची, ०६३० ला तिच्या कुंपणाशी पोचायची, आणि प्रत्येकाला दोन घोट कॉफी मिळायची. पुढे वस्तीची विहीर होती. तिथे रोज दहा-बारा बाया पाणी शेंदत असायच्या.

ती विहीर बघून आमचे डोळे फिरायचे. चार परस खोल पाणी, आणि तेही हाताला लागेल असं वाटावं इतकं वर. बसवराज रोज डोकावायचा.

"नाईकसाब, असली एक हीर निलंग्याला नेता आली तर?"

"खिशात घालून ने," मी म्हणायचो.

त्याचे वडील गुरप्पा. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. बसवराज त्यांना पत्रात विहिरीचं पाणी न चुकता कळवायचा. तात्यांचंही उत्तर यायचं. एका पत्रात होतं, "इथं हाटेलात लोक बोलायलेत की दुसऱ्याच्या भांडणात आपली पोरं कशाला? काही म्हंतेत, बरं झालं, एकदा दाखवून द्या. तू कुणाचं ऐकू नको, जपून ऱ्हा."

मग वारं फिरलं. श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या काही पोरांनी विष खाऊन जीव दिला, आणि आम्ही त्यांना वाचवलं नाही असं लोक म्हणायला लागले. भिंतींवर काळी निशाणं लागली. कॉफी बंद झाली. एका सकाळी म्हातारी कुंपणाशी आली, हात पुढे करून पेला परत मागितला आणि दार लावून घेतलं. मला त्या दिवसापासून भीती वाटायला लागली. खोटं कशाला सांगू? जेवण जाईना, आणि शांत रस्ता दिसला की मी बंदुकीचा खटका चाचपायचो. सेक्शन कमांडरने भ्यायचं नसतं, म्हणून मी आवाज मोठा करून बोलायचो.

दोन दिवसांनी ०६४० ला आम्ही विहिरीशी पोचलो. एकही बाई नव्हती. बादली नव्हती, दोर नव्हता. मी हात वर करून सेक्शन थांबवली. तेवढ्यात रेडिओवर आमच्या सेक्शनला मेजरसाहेबांची हाक आली.

"चार्ली वन, रिपोर्ट. ओव्हर."

विहिरीवर बाया नाहीत, हा काय रिपोर्ट झाला? मेजरसाहेब हसतील असं वाटलं. मी म्हणालो, "चार्ली वन, ऑल ओके. ओव्हर."

बसवराज माझ्याजवळ सरकला. "नाईकसाब, बाया न्हाईत म्हंजी पाणी आटलं असंल, न्हाईतर नासलं असंल. बघू का?"

आमच्या मुलखात विहिरीवर बाया नसल्या की त्याचा अर्थ तेवढाच असतो. दुसरा काही असू शकतो हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुठल्या मुलखाचा गडी असता तर तो मागे वळला असता. मी मान हलवली. हो म्हणालो.

तो कठड्याशी गेला, पायरीवर पाय ठेवला आणि वाकला. ०६४७ ला स्फोट झाला. सुरुंग पायरीखाली होता, आणि बाया त्यासाठीच आल्या नव्हत्या.

धूर विरायच्या आत तिन्ही बाजूंनी फायर आला. आम्ही बांधाआड पडलो.

"चार्ली वन, कॉन्टॅक्ट! एक कॅज्युअल्टी! फायर की परमिशन? ओव्हर."

"वेट. ओव्हर."

"सर, तीन तरफ से फायर है!"

"वेट. ऊपर पूछ रहे हैं."

अकरा मिनिटं आम्ही परवानगीची वाट बघत पडून होतो. बसवराज वीस पावलांवर होता. पहिली काही मिनिटं त्याचा हात हलत होता. मला त्याच्यापर्यंत जाता आलं नाही. खरं सांगायचं तर पाय उचललेच नाहीत. मग मेजरसाहेबांचा आवाज आला, "ओपन फायर." देशाने लढाई जाहीर केली नव्हती. आमची लढाई ०६५८ ला लागली.

त्याच्या घरी पत्र मी लिहिलं. तपशील लिहायची मनाई होती. मी लिहिलं, "विहिरीजवळ अपघात झाला." विहिरीशी हो म्हणालो ती पहिली, ही माझी दुसरी चूक.

चार महिन्यांनी रजा मिळाली. स्वतःच्या घरी जाण्याआधी एसटीने निलंगा गाठलं आणि तिथून त्याच्या गावी गेलो. फाट्यावरच्या हॉटेलात चहा मागवला, तेव्हा माझी वर्दी बघून एकाने विचारलं, "तुमी शांतीला गेलता न्हवं? मग गुरप्पाचा बसू मेला कसा?"

दुसरा म्हणाला, "हिरीत पडला म्हंतेत. पिऊन व्हता का काय?"

कपाला हात न लावता मी उठलो. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या पोराबद्दल गावभर हेच चाललं होतं, आणि ते माझ्या पत्रातून उगवलं होतं.

तात्या घरातच होते. त्यांनी हॉटेलात बसणं सोडून दिलं होतं. बसवराजच्या गळ्यातलं इष्टलिंग मी रुमालात बांधून आणलं होतं, ते त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं.

"येवढंच सांग बाबा, लढाई व्हती का न्हवती?"

"होती, तात्या. आम्हाला उशिरा कळलं."

मग सगळं सांगितलं. रेडिओवर मी काय बोललो ते सांगितलं, अकरा मिनिटं सांगितली, आणि "बघू का?" विचारल्यावर मी हो म्हणालो, तेही सांगितलं. ते मला घराबाहेर काढतील असं वाटत होतं. मग त्यांनी पटका बांधला. "चल. ह्ये समदं तितं बोल."

हॉटेलपर्यंतची ती वाट मला गस्तीपेक्षा अवघड गेली. पंधरा-वीस माणसं बसली होती. मी सावधानमध्ये उभा राहिलो, कारण दुसरं कसं उभं राहायचं ते सुचेना. म्हणालो, "ती लढाई होती. लान्स नाईक बसवराज लढाईत पडला. त्याला पुढं मी पाठवलं होतं."

"रेडिवो तर शांती शांतीच म्हणत व्हता," मागून कोणीतरी बोललं.

"रेडिवो तितं न्हवता. ह्यो व्हता," तात्या माझ्याकडे बोट करून म्हणाले.

बाकावरच्या माणसांनी सरकून त्यांना जागा केली. तात्या बसले नाहीत. पिऊन होता का असं विचारणाऱ्या माणसासमोर जाऊन ते उभे राहिले.

"आता त्येचं नाव घे," ते म्हणाले. "पुरं घे."

त्या माणसाने उठून, टोपी काढून नाव घेतलं, "बसवराज गुरप्पा." मग एकेक करून सगळे उठले.