सत्यशीलेची जवारीची नानखटाई

दारव्ह्याकडं डिसेंबरात थंडी पडते ती आधी तुरीत शिरते. उभ्या तुरी पार भिजल्यागत दिसतात, धुकं त्यांच्या शेंगांना लोंबकळत राहतं आणि उन्हं चांगली वर आल्याशिवाय खाली उतरत नाही. एकोणीसशे त्रेसष्टच्या नाताळाच्या आदल्या दिवशीही अशीच सकाळ होती. सत्यशीलेनं अंगणात सडा घातला, झाडून काढलं, आणि पाठीवर ऊन घेत रेती चाळायला बसली. नदीची बारीक रेती, घमेल्यात.

मिशनच्या आवारातल्या विहिरीवरून घागर घेऊन येणारी शेजारीण वच्छलाबाई कुंपणाशी थांबली.

"काय व सत्यशीलाबाई, सणाच्या दिवशी मुरमुरे फोडता काय?"

"नाई व. नानखटाई भाजतो. घमेल्यात रेती तापवाची, वर झाकणावर इस्तू ठेवाचा."

"अन् रहेमानच्या भट्टीचं काय बिघडलं? सारं आवार तिथीच जाऊन राह्यलं."

"काई नाई बिघडलं. घरीच करतो म्हटलं अवंदा."

"करा बाई, करा," वच्छलाबाईनं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. "तुमचं सारं घरचंच राह्यते."

ती गेली. सत्यशीलेनं चाळणीत राहिलेले खडे कुंपणाकडं भिरकावले. असल्या बोलण्यात विचारलेलं काहीच नसतं.

रहेमानच्या भट्टीवर तिचा राग नव्हता. बाजारातली ती भट्टी पाव निघाले की दिवसभर गरम राहायची, आणि सणासुदीला ज्याला हवं त्यानं आपलं पीठ-तूप घेऊन जावं, नानखटाई भाजून आणावी. ईद असो, दिवाळी असो, नाताळ असो. गेल्या साली सत्यशीलाही गेली होती, जवारीच्या पिठाचे पेढ्यासारखे वळलेले गोळे घेऊन. रहेमाननं आपुलकीनं, चिकटू नये म्हणून, पत्र्यावर मूठभर मैदा भुरभुरला आणि वर तिचे पेढे मांडले. तिनं पाहिलं, पण म्हणावं काय? सणाचा दिवस, मागं बायांची रांग. आपल्याच हातची जवारीची नानखटाई खाऊन आपलाच नाताळ अंथरुणात गेला.

गहू तिला सोसत नव्हता. ही एवढीशी गोष्ट, पण ती सांगायला जन्म पुरत नव्हता.

ती उमरखेडकडची. बापाची कोरडवाहू जमीन, घरात बारा महिने जवारीची भाकर. पोळी लग्नाकार्यात. लग्नातून आली की पोरीला जुलाब लागायचे, आणि आई नजर काढून टाकायची. पुढं शांतवन मास्तरशी लग्न होऊन ती मिशनच्या आवारात राहायला आली आणि इथं गहू पोत्यानं. दूर देशाहून जहाजातून आलेला वाटपाचा गहू, दर महिन्याला घरोघर. लोक म्हणत, मास्तरच्या बायकोचं नशीब निघालं. तिची हाडं निघाली. तेव्हा दवाखान्यात एक परदेशी डॉक्टरीणबाई होती. तिनं पोट दाबून पाहिलं, काय काय खाते ते विचारलं आणि म्हणाली, गहू बंद. पोळी, पाव, रवा, मैदा, सगळं बंद. सत्यशीलेनं बंद केलं आणि दोन पावसाळ्यांत माणसात आली. मग डॉक्टरीणबाई आपल्या देशाला निघून गेली, आणि तिच्याबरोबर सत्यशीलेची साक्ष गेली.

कारण ऐकणार कोण? ज्या मुलखात पाहुणा आला तरच पोळी होते, तिथं पोळी सोसत नाही म्हणणारी बाई म्हणजे नखरेल. आणि नखऱ्यावर भागलं असतं तर बरं. पण सत्यशीला होती कुणब्याची. तिच्या बापानं जुना धर्म सोडला, जातीचा माठ मात्र सोडला नव्हता. एकदा लेकीला भेटायला आला तेव्हा आपला तांब्या आपल्या पडशीतून काढून पाणी प्याला, आणि ते साऱ्या आवारानं पाहिलं. आवारातली माणसं नाना वस्त्यांतून, वाड्यांतून, तांड्यांवरून आलेली. ज्यांना आयुष्यभर लांबून पाणी ओतलं गेलं त्यांना असा तांब्या ओळखायला वेळ लागत नाही. जुन्या धर्मातच राहिलेल्या काकांच्या घरी सत्यशीलेला ख्रिस्ती म्हणून ओट्याच्या वर चढू देत नसत, आणि आवारात ती कुणब्याची म्हणून वेगळी. मधल्या मधे तिला उभं राहायला जागा होती ती ह्या मिशनच्या दोन खोल्यांची, आणि त्याही मास्तरच्या नोकरीवर.

एवढ्यावर नाताळाची ताटं.

ही चाल कुण्या जुन्या पाळकाच्या बायकोनं घातली होती. आदल्या दिवशी दुपारी ख्रिस्ती देवळामागच्या निंबाखाली बायांनी गोल बसायचं. प्रत्येकीच्या मांडीवर तिच्या हातचं एक ताट. ताटं उजवीकडं फिरवायची. समोर आलेल्या ताटातलं एक उचलायचं आणि तिथंच, जिनं केलं तिच्या तोंडादेखत खायचं. घरी नेऊन खायचं नाही. उरलेलं मग वाटून डब्यात. कुणी कुणाच्या हातचं खात नाही हे मोडावं म्हणून ती चाल, आणि ती चांगली चाल होती. सत्यशीलेलाही ती चांगलीच वाटायची. गेल्या साली तिनं आवारातल्याच लालीबाईचं बिस्किट तोंडाला लावल्यासारखं करून पदरात बांधलं आणि परसात येऊन कोंबड्यांपुढं टाकलं. कुंपणापलीकडं लालीबाई उभी होती.

तेव्हापासून सगळं बदललं. विहिरीवर ती गेली की बोलणं थांबे. बारशाला बोलावणं येई ते मास्तरला.

"एक खाऊन टाक ना," मास्तर काल म्हणाला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त थकलेला होता. "एका बिस्किटानं काय मरतं माणूस? साऱ्यांची तोंडं बंद होतील."

"मागच्या साली मले कोणी धरून परसात नेलं होतं, इसरले काय?"

"इसरलो नाई. पण आपल्याले जाचं कुठं हाय, सांग. विहीर हीच, बाया ह्याच."

म्हणून आज रेती. तिनं जवारी घरच्या जात्यावर दळली होती, कारण गावच्या चक्कीत गहूही दळला जाई. त्यात थोडं तांदळाचं पीठ, थोडं बेसन, तूप, बारीक केलेली साखर, विलायची. जवारीला चिकटा नसतो, पेढा हातात धरला की भेगाळतो. त्यावर तिनं युक्ती काढली होती: जवस वाटून कोमट पाण्यात भिजवला की तो बुळबुळीत होतो, तो घातला की पेढा धरतो. पहिला घाणा करपला. दुसरा वरून कच्चा राहिला. तिसऱ्याला झाकणावर विस्तव बेतानं पसरला तेव्हा नानखटाई फुलली, बदामी झाली. निवल्यावर तिनं एक तोंडात टाकली. भुसभुशीत, पण गोड. जवसाचा किंचित खमंगपणा. आज आपण सगळ्यांसमोर सांगायचं, तिनं ठरवलं. स्पष्ट सांगायचं आणि हे ताट पुढं करायचं. हातचं देते आहे म्हटल्यावर हातचं घेत नाही असं कोण म्हणेल?

निंबाखाली सतरंजी पडली होती. प्रार्थना झाली. ताटं फिरायच्या आधीच सत्यशीला उठून उभी राहिली.

"मले एक सांगाचं हाय. मले गहू सोसत नाई. डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं. मी कोणाचं खात नाई असं नाई, गव्हाचं खाऊ शकत नाई. माह्या ताटातली ही जवारीची..."

"अव माय," वच्छलाबाई म्हणाली, "मले तं बाप्पा सोनं सोसत नाई. पाटल्या घातल्या का अंगाले खाज सुटते."

बाया हसल्या. सोनीबाई म्हणाली, "म्या तं ऐकलं, मास्तरणीले आराम सोसत नाई म्हणून," आणि पुन्हा हशा झाला. सत्यशीलाही कसंबसं हसली. लालीबाई तेवढी हसली नाही.

लालीबाई तांड्यावरची. मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकीण. तिथल्या परदेशी मॅडमकडून भट्टीतली बिस्किटं शिकली होती, चांदणीच्या आकाराची, वर साखर भुरभुरलेली. तिचा हात आवारात पहिला, आणि ते तिला माहीत होतं. तिनं आपलं ताट उचललं, उठली आणि सत्यशीलेपुढं येऊन बसली.

"बाई, मी लहान होती तवा माही माय तुमच्यासारख्याच्या ओसरीखाली उभी राहे. तहान लागली म्हणे. वरून ओंजयीत पाणी ओतत. ओंजय भरली नाई तरी पुन्हा मागाची सोय नोहती." तिचा आवाज चढला नाही. "मी कोंबड्याईची गोष्ट कोणापाशी काढली नाई, ज्याले कयली त्याले कयली. पण आज तुम्ही हे नाई खाल्लं तं मी समजीन का ते अजून सरलं नाई. बाकी काई नाई म्हणत."

सत्यशीलेनं ताटाकडं पाहिलं. खाल्लं नाही तर ती खोटी, तिचा बाप खरा. ह्या बाईच्या आईला तेव्हा न मिळालेलं पाणी देण्याचा दुसरा रस्ता नव्हता. तिनं चांदणी उचलली आणि खाल्ली. पूर्ण, चावून, साखरेसकट.

"पाह्य," वच्छलाबाई म्हणाली, "काई झालं काय? अन् माही शंकरपाई?"

एकदा एकीचं खाल्लं म्हटल्यावर दुसरीला नाही म्हणायला जागाच उरली नाही. शंकरपाळी झाली, सोनीबाईची करंजी झाली. ताटं फिरत राहिली आणि तिच्या जवारीच्या नानखटाईचं ताट रिकामं होऊन आलं. कुणीतरी तिच्या गळ्यात हात टाकला. कुणीतरी म्हणालं, आज रात्री गाणी म्हणत फिरू तेव्हा तुमच्या दारी आधी येऊ.

ऊन कलायच्या आत पोटात पिळा पडला. सत्यशीला परसात, कुंपणाला धरून ओणवी. मास्तर देवळात पताका लावायला गेलेला. ओकारी थांबेना तेव्हा कुणाचा तरी हात तिच्या कपाळाखाली आला. लालीबाई होती. तिच्या वाट्याचा डबा द्यायला आली होती.

लालीबाईनं तिला ओसरीवर आणून टेकवलं, परसातली ओकारी राखेनं झाकली, हात धुतले आणि समोर येऊन बसली.

"खरंच होतं म्हणजे," ती म्हणाली.

"खरंच होतं."

"मंग खाल्लं काहून?"

"तुम्ही तसं म्हटल्यावर काय करतो?"

लालीबाईनं तोंडावरून पदर फिरवला. कोपऱ्यात दोन करपलेल्या नानखटाया पडल्या होत्या, त्यातली एक तिनं उचलली आणि खाल्ली, जणू शिक्षाच. मग जवळ सरकली.

"सत्यशीलाबाई, एक मागतो. हे कोणाले सांगू नका."

"सांगन तं साऱ्याईले कयन ना, का मी खोटी नोहती."

"कयन. अन् हेही कयन का लालीबाईच्या हातचं खाऊन माणूस पडलं. उद्या बंगल्यावर पाव्हणे हायत, माह्याच हातचं खाणार. तांड्यावरच्या बाईची चाकरी घालवाले एवढंच तं पुरते, कोणी म्हणाले पाह्यजे." ती खाली पाहत होती. "आज साऱ्या जणी खुश हायत. तुमच्यावर खुश हायत. मोडता काय ते?"

सत्यशीलेला ते मोडता आलं नसतं. पुन्हा कळ आली, गेली.

"पुढच्या साली?" तिनं विचारलं.

"पुढच्या साली मी तुमच्या बाजूले बसीन. तुमच्यासाठी चांदणी लहान करीन, नखाएवढी. तेवढी खाजो. बाकीच्याईच्या ताटातलं माह्या पदरात टाकजो."

ती तिच्या परीनं देत होती तेवढं मोठंच होतं. सत्यशीलेनं मान हलवली. लालीबाई तिच्या पायावर गोधडी टाकून उठली आणि बंगल्याकडं गेली, भट्टी पेटवायला.

अंधारायला लागलं. गाणारे आधी याच दारी येणार होते. सत्यशीला भिंतीला धरून उठली, कंदील खाली काढला आणि चिमूटभर राख घेऊन त्याची काच पुसायला बसली.