बंदरापर्यंत सोडणार ना?

माझ्या सासरी होटेल म्हणजे इडली खायची जागा. राहायचं असेल तर लॉज. मी पुण्याची. आमच्याकडे लॉज हा शब्द उच्चारला तरी आई इकडेतिकडे बघायची, आणि इथे नणंद तिरुपतीच्या लॉजचं कौतुक देवापेक्षा जास्त करतात. लग्न होऊन बंगळुरात आल्याला एक जन्म झाला, तरी या शब्दावरून आमची अधूनमधून जुंपतेच. त्यामुळे मी कोचीतलं हॉटेल शोधायला बसले तेव्हा त्यांनी खुर्चीतूनच विचारलं, "होटेलात राहायचं? होटेलात कोण राहतं ग?"

"माणसं राहतात, अक्का," मी म्हटलं. "लॉजमध्ये ढेकूण राहतात."

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. यांचं घराणं काही शतकांपूर्वी घोड्यावरून इथे आलं आणि तेव्हापासून मराठीत कन्नड कालवत बसलंय. आईवडील लवकर गेले, धाकटा भाऊ शाळेत, म्हणून अक्कांनी लग्न केलं नाही. ऑफिसात नोकरी केली, भावाला इंजिनियर केलं, पीण्या नावाच्या इथल्या औद्योगिक वसाहतीत त्याचा छोटा कारखाना निघाला तेव्हा पहिली पूजा यांच्याच हातची. येलहंक्याच्या घरात त्या पहिल्यापासून आमच्याबरोबर आहेत. कधी काही मागितलं नाही. साडीसुद्धा मी आणली तर, "कशाला ग," म्हणून कपाटात ठेवून देतात.

आणि या बाईनं एक दिवस मागितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत येत होतो. काचबिंदू आहे, बाजूचं दिसणं कमी कमी होत जाईल, थेंब चालू ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. रिक्षात अक्कांनी थेंबांची बाटली पर्समध्ये नीट ठेवली. मग म्हणाल्या, "एकदा समुद्रात जायचं होतं. किनाऱ्यावरून नाही. चारी बाजूंना पाणी, मध्ये मी. बाजूचं दिसतंय तोवर."

नवऱ्याला रिक्षातच रडू आलं. मला रडूबिडू येत नाही, मी कामाला लागते. कोचीहून सुटणारं, तीन रात्री समुद्रात हिंडवून परत आणणारं जहाज शोधलं, तिघांची जागा धरली. जहाज काही कोणासाठी थांबत नाही. आपलं विमान उशिरा आलं आणि जहाज निघून गेलं तर अक्कांचा समुद्र गेला, आणि पुढच्या वर्षी डोळे किती उरतील कोण सांगणार? म्हणून आदल्या दिवशीच कोची गाठायचं आणि बंदराजवळ मुक्काम करायचा, असं ठरलं.

आता कोचीत आमच्या ओळखीचं कुत्रंही नाही. आणि मी म्हणजे भाजीवालीनं स्वतःहून मिरच्या जास्त घातल्या तर त्या किडक्या असणार असं समजणारी बाई. फोनवर एकेक हॉटेल बघायला लागले आणि माझं डोकं फिरलं. एका ठिकाणी खोलीचा फोटो इतका मोठा की क्रिकेट खेळावं, पण फोटोतला दिवा वाकलेला दिसत होता, म्हणजे कॅमेऱ्याची करामत. दुसरीकडे पलंगावर टॉवेलचे हंस. ज्या हॉटेलवाल्याला हंस करत बसायला वेळ आहे, तो संडास धूत नसणार हे माझं पक्कं मत. तिसऱ्याचं सगळेच जण एकसारखं कौतुक करत होते, शब्दसुद्धा तेच. सगळे एका आईची लेकरं असल्यासारखे. आणि 'बंदर दहा मिनिटांवर'! कशानं दहा मिनिटं? पायी, गाडीनं, की पोहत?

"अगं, एक रात्र तर काढायचीय," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही कुठेही झोपता."

मग मी फोन करायला लागले. फोटो खोटं बोलतो, माणूस खोटं बोलताना अडखळतो. हे फोन मी झोपायच्या खोलीत दार लावून करायची, कारण अक्कांना म्हातारी म्हटलेलं खपत नाही. बाथरूमला कठडा आहे का असं त्यांच्यादेखत विचारलं असतं तर दोन दिवस तोंड फुगलं असतं. तेव्हा मी दार लावून, माझ्या पुणेरी हिंदीत, समोरच्या मल्याळी माणसाची परीक्षा घ्यायची. कठडा आहे का? खोली तळमजल्यावर मिळेल का? वेळ पडली तर डॉक्टर येतो का? रात्री बघायला कोणी असतं का? मऊ भात देता का? आणि सगळ्यांत शेवटी मुख्य प्रश्न. बंदराचं आवार मोठं असतं, अक्का गुडघे धरून कुठवर चालणार? म्हणून विचारायची, "बूढ़ी को अंदर तक छोड़ोगे ना? गेट पे छोड़के भाग मत जाना."

सगळे म्हणायचे, हो मॅडम. सगळ्यांनीच हो म्हटलं की माझा संशय दुप्पट. मग जेवताना मी नवऱ्याला हळूच सांगायची, "अजून नीट सोडणारा कोणी सापडत नाहीये. पण मी सोडणार नाही, शोधून काढीनच."

याच सुमारास अक्कांचं काहीतरी बिनसलं. आधी कॅलेंडरकडे बघून खूश व्हायच्या, आता जहाजाचं नाव काढलं की "सरी, सरी," बरं बरं, म्हणून विषय बदलायच्या. एकदा विचारलं, "कोचीत कन्नड बोलतात का ग?" मी म्हटलं, कशाला बोलतील, मल्याळी माणसं ती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग नवऱ्याला वेगळं गाठून तेच. मग एक दिवस बघते तर कपाटातल्या सगळ्या साड्या धुवून, घड्या घालून बॅगेत. माझ्या कशाला-ग साड्यासुद्धा. जहाजावर काय फॅशन शो आहे? कुठेतरी पाणी मुरतंय एवढं कळलं.

पुढे तुळस गेली. कुंडीसकट शेजारणीकडे. "पाणी घालायला," अक्का म्हणाल्या. आमच्याकडे रोज कामाला बाई येते, ती घालणार नाही का पाणी? ही शेजारीण बोलायला गुळाची ढेप. येताजाता "अक्का, अक्का" करून वाटीभर काहीतरी मागून नेणार, आणि वाटी परत येणार नाही. माझा संशय आता कोचीतल्या हॉटेलांवरून उडाला तो थेट तिच्यावर बसला. बाईसाहेबांनी अक्कांच्या कानाला लागून काहीतरी भरवलंय, समुद्रात जाऊ नका, जहाज बुडतं, असलं काहीतरी. आणि भोळ्या अक्का एकेक वस्तू तिच्या घरात नेऊन ठेवताहेत.

एका सकाळी तिच्या उघड्या दारातून मला आमची समई दिसली. सासूबाईंची, पितळेची, अक्का जिला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत ती. तिथे आत, तिच्या टीव्हीशेजारी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच त्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. पण म्हटलं, आधी घरचं बघू.

अक्का जेवणाच्या टेबलाशी अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. नवरा पीण्याला निघायच्या गडबडीत बूट शोधत होता.

"समई शेजारी काय करतेय?" मी विचारलं.

"दिली तिला. रोज दिवा लावील. मी गेल्यावर तू लावशील असं मला वाटलं नाही."

"तीन रात्री दिवा नाही लागला तर काय आकाश कोसळतंय? तीन रात्रींसाठी समई द्यायची?"

अक्कांनी शेंग खाली ठेवली. माझ्याकडे सरळ बघितलं. हल्ली त्यांना बघायला मान वळवावी लागते, तशी वळवून.

"तीन रात्री नको म्हणू ग," त्या म्हणाल्या. "मला कळलंय. तू दार लावतेस, पण खिडकी उघडी असते."

"काय कळलंय?"

"कठडा आहे का, रात्री बघायला कोण असतं, मऊ भात देतात का. त्याला होटेल म्हणतात होय? इथल्या शिवाजीनगरच्या माझ्या मैत्रिणीलाही उटी बघायला नेतो म्हणूनच नेलं होतं. ती अजून तिकडच्या वृद्धाश्रमातच आहे." मग म्हणाल्या, "गेटवर टाकू नका, आतपर्यंत सोडा, असं सांगितलंस ना त्यांना? ते बरं केलंस."

मला काही समजेना. नवरा एक बूट हातात घेऊन उभा राहिला.

"मी भांडत नाही," अक्का म्हणाल्या. "तुम्हीपण किती करणार. डोळे गेल्यावर माझं सगळं हातात द्यावं लागणार. फक्त एक ऐका. सोडायचंच असेल तर स्वल्प जवळ सोडा. मला मलयाळम येत नाही."

मी किंचाळले. खरंच किंचाळले, त्या गुळाच्या ढेपेनं खिडकीतून डोकावून बघितलं इतकी. "अहो, सोडणार म्हणजे गाडीनं! बंदरापर्यंत! जहाजाच्या दारात! तुमचे गुडघे दुखतात म्हणून! देवा रे, तुम्हाला वाटलं तरी कसं!" मला भयंकर राग आला होता. इतकी वर्षं एका चुलीवरचं जेवलो आम्ही. माझ्या बाळंतपणात या बाईनं मला न्हाऊ घातलं. तिच्या आजारपणात मी तिचं सगळं केलं. आणि तिला वाटलं की मी तिला अनोळखी गावात टाकून येणार, तेही कठड्याची चौकशी करून! राग तिचा होता, की 'सोडणे' या मेल्या शब्दाचा, की मी रोज जेवताना तिच्याच समोर "सोडणारा सापडत नाही" म्हणत होते त्याचा, मला सांगता येणार नाही. सगळ्याचाच होता.

नवरा आधी हसला. मग अक्कांच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागला. त्या दिवशी तो कारखान्यात गेला नाही. मी पुन्हा पुन्हा समजावलं, जहाजाच्या कंपनीला फोन लावून त्यांच्या कानाला धरला, त्या पलीकडच्या मुलीनं तिघांची जागा आहे असं सांगितलं. अक्का हसल्या, डोळे पुसले. "अय्यो, मी एक वेडी," म्हणाल्या. दुपारी स्वतः जाऊन समई आणि तुळस परत घेऊन आल्या. सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असं आम्ही धरून चाललो.

पण मला राहवेना. संध्याकाळी भाजी चिरताना मी विचारलं, "इतके दिवस मनात होतं, तर मला विचारलं का नाहीत? एका शब्दानं विचारलं असतंत तर."

अक्का मीठ घालत होत्या. म्हणाल्या, "विचारलं असतं, आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

शेवटी हॉटेल त्यांनीच निवडलं. मी तीन नावं वाचून दाखवली, त्यांनी मधल्यावर बोट ठेवलं, का ते सांगितलं नाही. मी तळमजल्यावरच्या दोन खोल्या मागून ठेवल्या, एक आमची, एक त्यांची. हॉटेल तसं चांगलं निघालं. हंस नव्हते, कठडा होता. काउंटरवरचा माणूस किल्ल्या पुढे करत होता तेवढ्यात अक्का मध्ये आल्या आणि त्यांच्या ऑफिसातल्या इंग्रजीत म्हणाल्या, एकच खोली, तिघं एकत्र.

"अक्का, तुम्हाला एकटीला निवांत झोपता येईल," मी म्हटलं. आमच्या घरात त्या कायम स्वतःच्या खोलीत, दार लावून झोपतात. नवऱ्याच्या घोरण्यावर तर त्यांनी आयुष्यभर टोमणे मारलेत.

"एकच," त्या म्हणाल्या.

जास्तीची गादी आली. ती आणणाऱ्यानं खिडकीशी टाकली, तिथून झाडंबिडं दिसत होती, जागाही मोकळी होती. दुपारची जेवणं झाली होती, सगळ्यांना पाठ टेकायची होती. नवऱ्यानं पलंगावर पडल्या पडल्या डोळे मिटले. मी तोंड धुऊन बाहेर आले, तर अक्का वाकून, गुडघ्यांना न जुमानता, गादी ओढत होत्या. खिडकीपासून ओढत दारापर्यंत नेली आणि दाराला आडवी घातली. अशी, की त्यांना उठवल्याशिवाय खोलीतून कोणाला बाहेर पडता येऊ नये.

"तिथे कशाला, अक्का?"

"इथे स्वल्प वारा लागतो," त्या म्हणाल्या, आणि दाराकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून झोपल्या.

एसी खिडकीवर होता. दाराशी वाऱ्याची झुळूकही नव्हती. मी त्यांच्या अंगावर चादर घातली.