उघडून ठेवलेली कबर

आमच्या कॅम्पातल्या कबरस्तानात नवी जागा मिळत नाही. बरीच वर्षं उलटली की घरच्याच माणसाची कबर उघडायची आणि त्यात दुसऱ्याला ठेवायचं, ही आमच्या ख्रिस्ती मंडळीची रीत. पावसाळ्यात कुणी फार आजारी असलं तर कबर खणणाऱ्याला आधी कल्पना देऊन ठेवतात, कारण खाली जांभा दगड लागतो आणि पहार चालवण्यातच दिवस जातो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मात्र ‘तयार राहा’ एवढंच सांगायचं. ‘खणा’ हा शब्द माणूस गेल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही.

मी काढला.

आईच्या छातीत पाणी भरलं होतं. ‘आता घरीच न्या’ असं सांगून दवाखान्यानं पाठवलं, त्यालाही पाच महिने झाले होते. मी एकटी. सकाळी शाळेच्या ऑफिसात कारकुनी, आल्यावर तिची कूस बदलणं, अंग पुसणं, चमच्यानं पेज भरवणं. पाळक येत, प्रार्थना करत, देवाची वेळ असते म्हणत. मला त्यांचा राग यायचा. माझा स्वभाव पहिल्यापासून घायकुता. बरी असताना आई मला चिडवायची, “उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग!” देवावर माझा विश्वास होता, पण त्याच्या सावकाशपणावर नव्हता. एका दुपारी तिचा श्वास घरघरायला लागला, डोळे अर्धवट मिटले. तिच्या उशाशी उभं राहूनच मी फोन लावला.

“आप्पा, आमच्या अण्णांची कबर खणा. उद्यापर्यंत हुईल असं बघा.”

खणणारा अनगोळचा म्हातारा. आमच्या धर्मातला नाही, पण आमची मढी पुरण्यात त्याचा जन्म गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावून दाखवलं. सतरा वर्षांपूर्वी अण्णांना, माझ्या वडिलांना, आम्ही कोट घालून तिथं ठेवलं होतं. खड्डा लालभडक, कडा कापल्यासारख्या सरळ, आणि आत काहीच नव्हतं. म्हाताऱ्यानं कागदाची पुडी हातात दिली. तीन बटणं होती.

“एवढंच गावलं बघा आक्का. पेटीचं लाकूड सुदीक न्हाय.”

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, “पेजंत मीठ न्हाय घातलंस.”

शेजारणींनी देवाची स्तुती केली. एकीनं तर तिथंच गीत धरलं. मला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती भीती. आई उठून बसत होती आणि तिकडे तिची जागा उघडी पडली होती.

“बुजवून टाका,” मी म्हाताऱ्याला सांगितलं.

त्यानं मान हलवली. “रिकामी बुजवू नये आक्का. उघडलेली जागा कुणाला तरी वढती. बुजवायचीच तर एक नारळ ठेवा आत.”

आम्ही असलं मानत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. मग खड्ड्यावर दोन पत्रे टाकले, चारी कोपऱ्यांवर चिरे ठेवले. शाळेला जाता-येता मी फाटकातून डोकावायची. रोज पत्रा वीतभर सरकलेला असायचा. चिरे जागच्या जागी, पत्रा मात्र सरकलेला. म्हातारा शपथेवर सांगायचा, मी हात लावला न्हाय. वारा म्हणावा तर शेजारच्या कबरांवरची झेंडूची फुलं जशीच्या तशी असायची. मी पत्रा ओढून घ्यायची. हाताला खालून गार हवा लागायची, पावसात उघडलेल्या कपाटातून लागते तशी.

आणि मग एका दुपारी आई म्हणाली, “पत्रा वाजतोय गं.”

आमच्या घरापासून कबरस्तान दीड मैलावर. आसपास एकाही घराला पत्रा नाही. मी कान दिला. पाऊससुद्धा थांबला होता.

“कुठं? काय वाजत न्हाय.”

“वाजतोय,” ती म्हणाली. थोड्या वेळानं छताकडे बघत विचारलं, “पाणी साठलंय व्हय तिथं?”

या वेळी मी ‘कुठं’ असं विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि हात धूत राहिले. आई जांबोटीकडची, त्या पावसात वाढलेली. कुठं किती पाणी साठेल हे तिला न बघता कळायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती काही पटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नारळ आणला. रविवारी मंडळीत बसून प्रभुभोजन घेणारी मी, वर्तमानपत्रात गुंडाळून नारळ पिशवीच्या तळाशी लपवला. आईला आता भिंतीला धरून चालता येत होतं. मी आंघोळीहून आले तर नारळ तिच्या मांडीवर.

“चटणी करायची न्हाय, वड्या करायच्या न्हाईत. मग ह्यो कुणासाठी?”

मला रडू फुटलं. मी सगळं सांगितलं: फोन, खड्डा, पत्रा, म्हाताऱ्याचं बोलणं.

ती शांतपणे म्हणाली, “फोनचं म्हाईत हाय. डोळं मिटलं हुतं, कान न्हवं.”

पायाखालची जमीन फाटून मला गिळेल तर बरं, असं मला झालं.

“उद्यापर्यंत म्हणालीस,” ती पुढं म्हणाली. “मला वाटलं, पोर लई दमली. म्हणून मी बी देवाला म्हटलं, ने मला आता. तू तेच मागत हुतीस, मी बी तेच. त्यानं दोघींचं बी ऐकलं न्हाय.” तिनं नारळ माझ्या हातात दिला. “खवून घे. आणि चल, बुजवून येऊ.”

दुपारच्या जेवणात त्या नारळाची चटणी झाली. मला एक घास उतरला नाही; ती दोनदा वाढून घेऊन जेवली.

रिक्षानं गेलो. म्हाताऱ्यानं पत्रे काढले. खाली खरंच हातभर पाणी होतं, लाल आणि स्थिर. आई कडेला उभी राहून वाकून बघत राहिली. पाण्यात मला माझं तोंड दिसत होतं, तिचं दिसलं नाही. मी तिचा दंड घट्ट धरला.

“आक्का, रिकामी...” म्हातारा पुटपुटला.

“रिकामी कुठं हाय? ह्यांची जागा हाय ती,” आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “तू उघडायला लावलीस, तूच बुजव.”

मी फावडं घेतलं. पहिली काही फावडी माती पाण्यात पडल्याचा आवाज आला, मग तोही येईना. तळहाताला फोड आले. म्हातारा मदतीला पुढं झाला तर आईनं त्याला अडवलं. शेवटी माती जमिनीच्या बरोबरीला आली तेव्हा ती म्हणाली, “आता घरी चल. आणि रिक्षावाल्याला सांग, घाई न्हाय.”

परत येताना ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. किती हलकी झाली होती ती. त्या सगळ्या महिन्यांत मी देवाकडे एकच मागत आले होते, ‘सोडव.’ तिला सोडव म्हणायची, आणि मनात असायचं, मला. रिक्षात पहिल्यांदा मी मनातल्या मनात म्हटलं, ‘राहू दे तिला. तू म्हणशील तितकं मी थांबते.’

“बरं,” आई डोळे मिटूनच म्हणाली.

मी तोंड उघडलं नव्हतं.